दोन डोळ्यांची तसबीर



गेल्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला मी पूर्णगडला आक्काकडे गेले होते. रत्नागिरीहून पावसमार्गे एस.टी. जाते. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे टेकाडावर छोटासा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी गाव. बुद्धजयंती आली की आमच्या कोकणातल्या सगळ्या बौद्धवाड्या मुंबईकरांनी भरून जातात, तशी ही वाडीही भरली होती. विहाराला नवा रंग लागला होता, पताका लागल्या होत्या, आणि विहारात एक नवी तसबीर आली होती. आजचे हे सदर त्या तसबिरीविषयी आहे. म्हटले तर तसबिरीविषयी, म्हटले तर आपल्या लेकरांच्या डोळ्यांविषयी.

आक्काचा थोरला मुलगा मुंबईला महापालिकेत आहे. त्याने ती ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीबाहेरच्या दुकानातून आणली होती. पुठ्ठ्याएवढ्या जाडीचे चकचकीत प्लास्टिक, वर नख फिरवले की करकर वाजते. मागे दीक्षाभूमीचा स्तूप, त्याच्या पुढे निळ्या कोटातले बाबासाहेब आणि सर्वांत पुढे ध्यानस्थ तथागत. समोर उभे राहिले की स्तूप भिंतीच्या आत गेल्यासारखा दिसतो आणि तथागतांची मूर्ती तसबिरीतून वीतभर बाहेर आल्यासारखी वाटते. डोळ्यांना चष्मा नाही, काही नाही. म्हाताऱ्या बाया हात पुढे करून मूर्तीला स्पर्श करू पाहत आणि हात हवेतच राही. मग सगळ्या हसत.

आक्काची सहा वर्षांची नात, धाकट्या मुलाची मुलगी, माझे बोट धरून उभी होती. मी तिला उचलून घेतले आणि म्हटले, "बघ गं, बुद्ध कसे बाहेर आलेत."

ती म्हणाली, "खय? माला तर नुसत्या रेघा दिसतात."

बाजूची पोरे हसली. तिची आई म्हणाली, "हिचं असंच आहे, मावशी. लक्ष नसतं कशात. कपात चहा ओतायला सांगितला तर बशीत ओतते. पायऱ्या उतरताना रोज पडते." मीही तेव्हा फारसे मनावर घेतले नाही, हे कबूल करते.

मनावर घेतले ते दुसऱ्याच गोष्टीचे. संध्याकाळपर्यंत तसबिरीपुढे चिल्लर जमा झाली होती. एक आजी सांगत होत्या, "मी दाराकडे गेले तरी बाबा माझ्याकडेच बघत होते. खिडकीकडे गेले तरी माझ्याकडेच." मंडळातल्या एका काकांनी सुचवले की तसबिरीला वेगळा चौथरा करावा, खाली दानपेटी ठेवावी, पंचक्रोशीतली माणसे बघायला येतील. काकांचा हेतू वाईट नव्हता, विहाराच्या छपराचे काम अडले होते. पण मला धस्स झाले. डोळे फिरवणारी तसबीर आणि तिच्याखाली पेटी! आपल्या आईबापांनी जे गाठोडे १९५६ साली मुचकुंदीत बुडवले, तेच ओले करून पुन्हा घरात आणायचे का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी चमत्काराला जागा ठेवलेली नाही. आणि इथे प्रत्यक्ष बाबासाहेबांच्याच नावाने चमत्कार उभा राहू पाहत होता.

पण म्हाताऱ्या माणसांना चारचौघांत 'तुम्ही अंधश्रद्धाळू आहात' म्हणून काय मिळणार? त्यांना जे दिसले ते खरेच दिसले होते. त्या खोटे बोलत नव्हत्या. ते का दिसते, एवढेच सांगायचे होते. मी काकांना म्हटले, "वंदना झाल्यावर मला दहा मिनिटे द्या."

वंदना झाली. मी सगळ्यांना सांगितले, "उजवा हात लांब करा, अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या मागे भिंतीवरची पताका पाहा. आता डावा डोळा तळहाताने झाका. मग तो उघडून उजवा झाका. काय होते?"

सगळ्या विहारात एकच गलका. "अंगठा उडी मारतो!"

वाचकहो, तुम्हीही हे आता, वाचता वाचता, करून पाहा. अंगठा हलत नाही, हलते ती आपली पाहण्याची जागा. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर दूर आहेत. उजवा डोळा अंगठा थोडा एका बाजूने पाहतो, डावा थोडा दुसऱ्या बाजूने. दोन डोळे, दोन वेगळी चित्रे. मेंदू ही दोन्ही चित्रे एकत्र करतो आणि त्यांच्यातल्या फरकावरून ठरवतो की जवळचे काय आणि लांबचे काय. सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना, पायरी उतरताना हा हिशेब आपल्या नकळत चालू असतो. लांबच्या वस्तूंना मात्र हा हिशेब लागू पडत नाही. किल्ल्याच्या तटावरून समुद्रातले मचवे पाहिले तर दोन्ही डोळ्यांना जवळजवळ एकच चित्र दिसते. तिथे लहान-मोठेपणावरून आणि धुरकटपणावरून आपण अंतर ओळखतो. म्हणजे दोन डोळ्यांचा खरा उपयोग हाताच्या टप्प्यातल्या कामांना. आपल्यासारख्या कष्टाने जगणाऱ्यांना तो किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको.

एवढे सांगेपर्यंत पुढच्या ओळीतून आवाज आला, "हात नीट ठेव गं! फटीतून बघू नको!" आक्का नातीला दटावत होती. पोर डावा डोळा मुकाट्याने झाकत होती. उजवा झाकायची वेळ आली की हात बाजूला सारत होती, नाहीतर बोटांच्या फटीतून पाहत होती. मी जवळ गेले आणि माझ्या तळव्याने तिचा उजवा डोळा झाकला. तिने लगेच मान फिरवली.

"असं का करतेस, बाय?"

"मग माला दिसत नाय, आजी."

विहारात क्षणभर कोणी बोलले नाही. मी दोन बोटे धरली आणि विचारले, किती? ती अंदाजाने म्हणाली, "चार." तिची आई तिथेच खाली बसली. सहा वर्षे लेकरू मांडीवर खेळवले, आणि त्याला एका डोळ्याने नीट दिसत नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. तिला स्वतःलाही नव्हते. सगळ्यांना असेच दिसत असणार, असे तिला वाटत होते.

मी कसेबसे पुढचे बोलणे पुरे केले. ते इथेही पुरे करते, कारण पुढच्या गोष्टीचा धागा त्यातच आहे.

तसबिरीतली करामत अशी. कागदाची जपानी पंख्यासारखी घडी घाला, म्हणजे उभ्या नागमोडी पट्ट्या तयार होतील. डावीकडे तोंड असलेल्या सगळ्या पट्ट्यांवर एक चित्र तुकडे करून चिकटवा आणि उजवीकडे तोंड असलेल्या पट्ट्यांवर दुसरे. डावीकडून पाहिले की पहिले चित्र दिसते, उजवीकडून दुसरे. आता मनात या घड्या इतक्या बारीक करा की एकाच जागी उभे राहिलेल्या माणसाच्या डाव्या डोळ्याला पहिले चित्र दिसेल आणि उजव्याला दुसरे. झाली तसबीर!

आपल्या तसबिरीत कागदाच्या घड्यांऐवजी प्लास्टिकच्या भिंगांच्या उभ्या रेघा आहेत, नळी उभी चिरून शेजारी शेजारी मांडावी तशा. करकर वाजतात त्या याच. इंचाला साठ, पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त. प्रत्येक रेघेखाली निरनिराळ्या बाजूंनी घेतलेल्या चित्रांचे केसासारखे बारीक उभे काप छापलेले असतात. भिंग त्यातला एक काप एका डोळ्याकडे पाठवते आणि शेजारचा दुसऱ्या डोळ्याकडे. दोन डोळ्यांना दोन चित्रे मिळाली की मेंदू नेहमीचा हिशेब करतो आणि सपाट प्लास्टिकवर खोली निर्माण होते. मूर्ती बाहेर येते ती तसबिरीतून नव्हे, आपल्याच डोक्यात.

याची खात्री करायची तर तसबीर पाव फेरा फिरवून आडवी धरा. भिंगांच्या रेघा आडव्या झाल्या की दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळते आणि सगळी खोली नाहीशी होते. आम्ही विहारात तसे केले. तसबीर आडवी होताच तथागत पुन्हा सपाट झाले आणि सरळ धरताच पुढे आले. आजींनी तीन वेळा फिरवून पाहिली.

राहिला प्रश्न बाबासाहेब दारापर्यंत आजींकडे पाहत होते त्याचा. त्याचा भिंगांशी संबंध नाही. फोटो काढताना माणसाने कॅमेऱ्यात पाहिले असेल, तर तो फोटो सपाट कागदावरही प्रत्येक पाहणाऱ्याकडे पाहतो. तुमच्या घरातल्या जुन्या फ्रेमसमोर इकडून तिकडे चालून पाहा. आजी थोडा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे बाबा माझ्याकडेही बघतात आणि तुझ्याकडेही." मी म्हटले, "हो आजी, सगळ्यांकडे सारखेच." त्यांना ते पटले. मलाही आवडले.

रात्री ओट्यावर बसलो तेव्हा पुतण्याने विचारले, "मावशी, दोन रुपयांच्या प्लास्टिकमध्ये हे जमतं, तर टीव्हीत आणि मोबाईलमध्ये का नाही?"

प्रश्न चांगला होता. माणसे फार दिवसांपासून त्याच्या मागे आहेत. दोन डोळ्यांच्या दोन चित्रांचे रहस्य इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली जगापुढे मांडले. त्यांच्या यंत्रात डोकावून पाहावे लागे. १९०३ साली अमेरिकेच्या फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी चित्रापुढे बारीक गजांची जाळी बसवून यंत्राशिवाय खोली दाखवली. गजांच्या फटीतून एका डोळ्याला एक काप दिसतो, दुसऱ्याला दुसरा. फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमान यांनी १९०८ साली गजांऐवजी माशीच्या डोळ्यासारख्या असंख्य बारीक भिंगांची कल्पना मांडली. आपल्या तसबिरीची ही आजोबा-पणजोबा मंडळी.

सिनेमातही प्रयत्न झाले. भारतातला पहिला त्रिमिती चित्रपट मल्याळममधला 'माय डिअर कुट्टिचातन', १९८४ सालचा. तोच हिंदीत 'छोटा चेतन' म्हणून १९९८ साली लागला. आइस्क्रीमचा कोन अंगावर येतो म्हणून पोरे किंचाळत होती, ते पुतण्याला अजून आठवते. पण तिथे चष्मा घालावा लागे. मॉस्कोत मात्र १९४१ साली, महायुद्ध तिथे पोहोचण्याच्या थोडे आधी, बिनचष्म्याचे चित्रपटगृह सुरू झाले होते. सेम्योन इवानोव्ह या संशोधकाने पडद्यापुढे हजारो तारांची जाळी बसवली होती. अडचण एकच. प्रेक्षकाने डोके जरा इकडेतिकडे केले की चित्र बिघडे.

आणि तीच अडचण पुढेही राहिली. जपानमध्ये शार्प कंपनीने २००२ साली बिनचष्म्याच्या त्रिमिती पडद्याचा मोबाईल काढला. निन्टेन्डो कंपनीने २०११ साली तसाच खेळण्याचा संच काढला. तो जगभर लाखांनी खपला, पण २०२० साली कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले. पडदा दोन डोळ्यांत वाटायचा म्हणजे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला निम्मेच ठिपके येतात. उजेड कमी होतो, ठरल्या जागीच बसावे लागते, काहींचे डोके दुखते. आता पडद्यावर कॅमेरा बसवून पाहणाऱ्याचे डोळे कुठे आहेत ते शोधतात आणि त्याप्रमाणे चित्र वळवतात. सोनी कंपनीने २०२० साली असा पडदा विकायला काढला. पण तो एका वेळी एकाच माणसाला नीट दिसतो आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. दहा माणसांनी एकत्र बसून टीव्ही पाहणाऱ्या आपल्या घरात तो काय कामाचा!

पुतण्या म्हणाला, "आणि दिल्लीला नेताजींचा पुतळा उजेडाचा केला होता, तो?" तो २३ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटजवळ दाखवला होता. त्याला होलोग्राम म्हणत, पण तो आरपार दिसणाऱ्या पडद्यावर जोरदार प्रकाशझोताने उमटवलेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे दगडी पुतळा बसला. खरा होलोग्राम निराळा. त्याचा शोध डेनिस गॅबर यांनी १९४७ साली लावला आणि त्यासाठी त्यांना १९७१ सालचे नोबेल मिळाले. जुन्या मतदार ओळखपत्रावर जो रंग बदलणारा चमकता शिक्का दिसतो, तो त्याच घराण्यातला. नक्कल करणे कठीण, म्हणून तो तिथे लावतात.

बोलता बोलता मला एक गोष्ट आठवली. निन्टेन्डोचा तो संच निघाला तेव्हा सहा वर्षांच्या आतल्या मुलांना त्रिमिती चित्र दाखवू नका, अशी सूचना कंपनीनेच दिली होती. तेव्हा अमेरिकेतल्या दृष्टितज्ज्ञांनी सांगितले होते की एखाद्या मुलाला त्यातली खोली दिसत नसेल, तर खेळण्याला दोष देऊ नका, मुलाचे डोळे तपासून घ्या. म्हणजे तसबिरीने सकाळीच आम्हाला सांगितले होते आणि आम्ही पोरीला हसलो होतो.

दोन दिवसांनी सकाळच्या एस.टी.ने आम्ही रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पोर, तिची आई आणि मी. आक्का यायला तयार नव्हती. "पोरीच्या जातीला आत्तापासून चष्मा लावलात तर पुढे लग्नाचं काय?" हा तिचा सवाल होता.

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून पोस्टकार्डाएवढे एक कार्ड काढले. मी पाहतच राहिले. तेच करकरणारे प्लास्टिक! त्यावर नुसते ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, "याला लँग टेस्ट म्हणतात. स्वित्झर्लंडच्या डॉक्टर लँग यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांसाठी तयार केली. चष्मा लावायला लागत नाही, म्हणून मुले घाबरत नाहीत." ठिपक्यांत हत्ती, मोटार आणि चंद्र लपलेले असतात. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तरच ते उठून दिसतात. एक चांदणी मात्र एका डोळ्यालाही दिसते. त्यामुळे मुलाला बोलणे समजले की नाही ते कळते आणि मूल हिरमुसतही नाही. कार्ड हातभर अंतरावर सरळ धरायचे, हलवायचे नाही. हलवले तर एका डोळ्यालाही सुगावा लागतो.

पोरीने कार्डाकडे पाहिले आणि मोठ्याने सांगितले, "चांदणी!" आणखी काही? तिने मान हलवली.

मग थेंब घालून, बॅटरीने, भिंगे बदलून तपासणी झाली. डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच जास्त निघाला. डॉक्टरांनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. डाव्या डोळ्याकडून लहानपणापासून मेंदूला पुसट चित्र मिळत होते, उजव्याकडून स्वच्छ. मेंदूने पुसट चित्र घेणेच सोडून दिले. डोळा वरून चांगला दिसतो, पण मेंदूने त्याला कामावरून काढून टाकलेले असते. याला अॅम्ब्लियोपिया म्हणतात, बोलीत आळशी डोळा. माझ्या मते हे नाव बरोबर नाही. डोळा आळशी नसतो, त्याला कामच दिलेले नसते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या काम आणि शिक्षण नाकारून वर आळशी म्हटले गेले, त्या आपल्या समाजाला हा फरक लगेच कळेल.

शंभर मुलांमागे एक ते पाच मुलांना हा दोष असतो. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, जन्मजात मोतीबिंदू किंवा पडलेली पापणी ही त्याची कारणे. एक डोळा चांगला असल्याने मूल तक्रार करत नाही. शाळेतल्या तपासणीत आमची पोर बहुधा बोटांच्या फटीतून पाहून सुटली असावी. उपाय लवकर केला, साधारण सात वर्षांच्या आत, तर गुण चांगला येतो. त्यानंतरही काही मुलांना येतो, पण वय वाढेल तसा कमी. मोठेपणी लक्षात आले तर नुसत्या चष्म्याने काम होत नाही.

उपाय ऐकून आक्का आणखी बिथरली. आधी चष्मा आणि काही आठवड्यांनी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. "चांगला डोळा झाकायचा? डोकं फिरलंय का डॉक्टरचं?" पण उपाय तोच आहे. चांगला डोळा झाकला की मेंदूला दुसऱ्याला कामावर घ्यावेच लागते. किती तास, किती महिने ते डॉक्टरांनी ठरवायचे. आपल्या मनाने दिवसभर पट्टी बांधून ठेवू नये आणि मध्येच सोडूनही देऊ नये.

मी आक्काला हात धरून विहारात नेले आणि तसबिरीपुढे उभे केले. म्हटले, "आक्का, बाबासाहेबांच्या डोळ्यांवर काय आहे?"

ती गप्प राहिली.

"चष्मा. गावोगावच्या पुतळ्यांना आपण कोट घालतो, हातात संविधान देतो आणि चष्माही घालतो. तो काढला तर बाबासाहेब ओळखू येतील का? ज्या माणसाने कंदिलाखाली आणि लंडनच्या ग्रंथालयात डोळे झिजवले, त्याच्या नातीला चष्म्याची लाज?" बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले होते, नजरही अधू झाली होती. वाचता येईना याचे त्यांना केवढे दुःख होते. ज्यांनी आपल्या हाती पाटी दिली, त्यांच्या वाडीतल्या मुलीची पाटी एका चष्म्यावाचून पुसट राहावी, हे बरे नव्हे.

आक्का काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनेच नातीला सांगितले, "बाबासाहेबांसारखा चष्मा लावायचा हां." आणि मग पोरीने एकदाही नाही म्हटले नाही. पट्टीचा मात्र फार त्रास झाला. पहिला महिना रोज रडारड. शाळेत पोरे चिडवत. शेवटी पट्टीची वेळ संध्याकाळी घरात ठेवली आणि त्या दोन तासांत तांदूळ निवडणे, मणी ओवणे, चित्रे रंगवणे अशी बारीक कामे तिला दिली. आक्का समोर बसून मणी मोजायची. लग्नाचे नाव पुन्हा निघाले नाही.

आता दहा महिने झाले. परवा डॉक्टरांकडे ती डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या तीन ओळी अधिक वाचू लागली. मग ठिपक्यांचे ते कार्ड पुढे आले. पोर बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "हत्ती." मोटार आणि चंद्र अजून दिसत नाहीत. पुढे दिसतील का, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितले नाही. पण चहा आता कपात पडतो.

विहारात काय झाले तेही सांगते. तसबीर तिथेच आहे. तिला चौथरा केला नाही, दानपेटी ठेवली नाही. छपरासाठी वाडीने रीतसर वर्गणी काढली, मुंबई मंडळाने भर घातली. पण काकांनी एक नवी गोष्ट सुरू केली. दर पौर्णिमेला वंदनेनंतर वाडीतल्या लहान मुलांना ते तसबिरीसमोर बसवतात आणि एकेक डोळा झाकायला लावतात. त्यातून आणखी एक मुलगा रत्नागिरीला पाठवावा लागला. त्याला साधा नंबर निघाला.

आयाबायांनो, एवढे घरी करा. मूल तीन-चार वर्षांचे झाले की खेळता खेळता त्याचा एक डोळा तुमच्या तळहाताने पूर्ण झाका, मग दुसरा. त्याच्या स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवू नका, बोटांना फटी असतात. एका बाजूला झाकलेले चालते आणि दुसऱ्या बाजूला मूल रडते, मान फिरवते, हात ढकलते, तर थांबू नका. डोळा तिरळा दिसत असेल, मूल मान वाकडी करून पाहत असेल, टीव्हीला नाक लावून बसत असेल, वारंवार ठेचकाळत असेल, तरी दाखवून घ्या. 'मोठं झालं की आपोआप जाईल' असे कोणी सांगितले तर ऐकू नका. घरात करकरणारी तसबीर असेल तर तीही दाखवून विचारा. पण ती काही डॉक्टर नव्हे. खोली दिसली म्हणून डोळे ठीकच आहेत असे नाही आणि दिसली नाही म्हणून दोष आहेच असेही नाही. ती फक्त विचारायला शिकवते.

खर्चाची भीती बाळगू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि 'माझ्या मुलाचा एकेक डोळा नीट झाकून बघा' असे हक्काने सांगा. अंधत्व नियंत्रण कार्यक्रम तर १९७६ पासून आहे, त्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ही कोणाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

धम्मवंदनेत आपण नेहमी एक शब्द म्हणतो, एहिपस्सिको. ये आणि स्वतः पाहा. आम्ही वर्षानुवर्षे तो म्हणत आलो. पूर्णगडच्या विहारात त्या संध्याकाळी आम्ही खरोखरच पाहिले, आणि आमच्यातली एक पोर पाहू शकत नाही हे आम्हाला दिसले.

या पौर्णिमेला तुमच्याही विहारात पाहा. काय आढळले ते पत्राने जरूर कळवा.

जयभीम!